सोळा बाट

पतसंस्थेत कॅशच्या खिडकीत एकवीस वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. संध्याकाळी गल्ला जुळल्याशिवाय घास उतरत नाही. दहा रुपये कमी आले तर वाईटच, पण दहा जास्त आले तर त्याहून वाईट, कारण ते कुणाचे तरी असतात. त्यामुळे २०२४च्या जानेवारीत भाचीबरोबर बँकॉकला निघाले तेव्हा पाठीवरच्या पिशवीत सगळ्यात आधी शंभर पानी वही गेली. कपडे नंतर.

बेत मुळात भाचीचा. ती पुण्याला नोकरी करते. बरोबर येणाऱ्या मैत्रिणीला ऐन वेळी रजा मिळाली नाही, तेव्हा तिने मला कराडला फोन लावला.

"मावशी, तू चल."

"बघू."

"बघू म्हणजे नाही ना?"

"बघू म्हणजे बघू."

आणि मग मी खरंच बघितलं. परदेश म्हणजे मी तोवर फक्त नेपाळ पाहिलेला, तोही यात्रेच्या बसमधून, आचारी बरोबर घेऊन. पण थायलंडने १० नोव्हेंबर २०२३पासून भारतीयांना व्हिसा माफ केला होता. त्याआधी विमानतळावर उतरलं की माणशी २,००० बाट मोजावे लागायचे. दोघींचे ४,००० बाट, म्हणजे नऊ हजार रुपयांच्या वर. जे पैसे भरायचे होते आणि आता भरायचे नाहीत, अशा पैशाला मी नेहमीच भुलते. मी हो म्हणाले.

अट एकच घातली, की वही आणि पाकीट माझ्याकडे. झोपणं, खाणं, फिरणं, कपडे धुणं सगळं धरून माणशी दिवसाला ७०० बाट. बाटाचा भाव तेव्हा दोन रुपये पस्तीस पैशांच्या आसपास होता, म्हणजे साधारण साडेसोळाशे रुपये. सात दिवस, दोघी, एकूण ९,८०० बाट. ते एका पाकिटात वेगळे काढले आणि बाकीचे पैसे चोरखिशात शिवून टाकले. अक्षरशः शिवून, सुईदोऱ्याने.

स्वस्त विमानं बहुधा डॉन म्युआंग या जुन्या विमानतळावर उतरतात, तसं आमचंही पहाटे तिथे उतरलं. बाहेर टॅक्सीवाले होतेच, पण भाचीने आधीच शोधून ठेवलं होतं की ए-फोर नावाची बस ५० बाटांत थेट खाओसानला सोडते. खाओसान म्हणजे जगभरच्या पाठपिशवीवाल्यांची पंढरी. नावाचा अर्थ सडलेला तांदूळ. कुजलेला नव्हे, उखळात कांडून सडलेला. पूर्वी तिथे तांदळाचा बाजार भरायचा. आता रात्री आठनंतर तिथे छातीत धडधडेल असा आवाज असतो, आणि काडीला टोचलेले तळलेले विंचू विकायला असतात. विंचवाचा नुसता फोटो काढायचा असला तरी दहा बाट, अशी पाटी लावलेली. त्या पाटीसमोर मी बराच वेळ उभी होते. न खाल्लेल्या विंचवाचे पैसे घेणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच वाटला.

आमची खाट मात्र खाओसानच्या गोंगाटापासून दूर, सामसेन रस्त्याच्या एका गल्लीत. खाटच म्हणायची, कारण खोली आमची नव्हती. आठ बायकांची खोली, दुमजली लोखंडी पलंग, प्रत्येकीला एक पडदा, एक दिवा, एक कुलपाचा खण. माणशी २८० बाट. दोन्ही खाटा वरच्या निघाल्या. रेल्वेत मी खालची बर्थ मागून घेते, तशी इथेही मागून पाहिली. काउंटरवरच्या मुलीने हात जोडून, अगदी गोड हसून, नाही म्हटलं. शिडीला चारच पायऱ्या होत्या, पण रात्री बाथरूमला उतरताना मला प्रत्येक पायरीचा गुडघ्यागणिक हिशेब लागायचा. तिसऱ्या रात्री खालच्या खाटेवरच्या एका उंच, गोऱ्या मुलीने माझं कण्हणं ऐकलं असावं. सकाळी ती काही न बोलता आपली चादर-उशी घेऊन वर गेली. धन्यवाद म्हणायला मी तिला दिवसभर शोधत होते. संध्याकाळपर्यंत ती गाव सोडून गेली होती.

गल्लीच्या तोंडाशी एक निळं कपाट होतं. मी ते आधी वजनाचं यंत्र समजले. पण सकाळी बघते तर बायका कॅन, बाटल्या, कळशीएवढे डबे घेऊन तिथे येतायत. पाण्याचं यंत्र. एक बाटाचं नाणं टाकलं की लिटरभर गाळलेलं पाणी. शेजारच्या दुकानात तेवढ्याच पाण्याची बाटली दहा-बारा बाटांना. मी बाटली लावली, नाणं टाकलं, बटण दाबलं. बाटली पाऊण लिटरची, पाणी लिटरभर. वरून वाहायला लागलं तशी मी नुसती "अगं, अगं" करत राहिले. मागे उभ्या असलेल्या म्हातारीने हात पुढे घालून लाल बटण दाबलं. धार थांबली. मग तिने माझी बाटली बाजूला सारली, स्वतःचा कॅन लावला, हिरवं बटण दाबलं आणि माझं उरलेलं पाणी आपल्या कॅनमध्ये घेतलं. मग आपलं नाणं टाकलं. मी मनात म्हटलं, ही बाई आमच्या संस्थेत हवी होती.

पहिल्या दिवशी फसलो ते मात्र सांगितलंच पाहिजे. फसलो वीस बाटांच्या लोभाने.

राजवाड्याच्या पांढऱ्या भिंतीकडेने चाललो होतो. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र असा एक गृहस्थ समोर आला. कुठून आलात, भारत का, वा वा. आणि मग हळहळून म्हणाला की राजवाडा दुपारी एकपर्यंत बंद आहे, आत पूजा आहे. तोवर मोठा बुद्ध पाहून या. हा टुकटुकवाला वीस बाटांत सगळीकडे फिरवेल. भाची कुजबुजली, "मावशी, मी हे वाचलंय, हे फसवतात." पण मला ‘वीस बाटांत सगळीकडे’ एवढंच ऐकू आलं. माझ्यासारखीला लुटायचं असेल तर महाग काही दाखवायचंच नाही, स्वस्त दाखवायचं.

एक बुद्ध दाखवला, खराच होता. मग एक शिंप्याचं दुकान. मग रत्नांचं. आत थंडगार हवा, सरबत, आणि काचेखाली नीलम. आजच शेवटचा दिवस, सरकारी सवलत, तुमच्या देशात दुप्पट भावाने विकाल. आमच्याकडे सोनेतारणाचं काम मी सात वर्षं बघितलंय. मी वजन विचारलं, प्रमाणपत्र कुणाचं ते विचारलं, आणि उद्या हाच खडा परत घ्याल का, किती वटाव कापाल, ते विचारलं. माणूस आधी हसत होता, मग थांबला, मग त्याने सरबताचे पेले उचलले. बाहेर आलो तर टुकटुक गायब. वीस बाट घ्यायलाही तो थांबला नव्हता. त्याला आमचं भाडं नकोच होतं, दुकानातली दलाली हवी होती, आणि ती बुडाली.

कुठे आहोत कळेना. समोरून लाल रंगाची, पंखेवाली, खिडक्या उघड्या असलेली बस आली, त्यात चढलो. लाकडी जमीन. आणि मागून आवाज आला, कट्‌ कट्‌, कट्‌ कट्‌.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. चामड्याची बॅग, तिकिटांची पेटी, आणि तो चिमटा. गर्दीत पुढे सरकताना ते आसनाच्या लोखंडी दांडीवर चिमटा वाजवायचे. ‘तिकीट’ असं तोंडाने फारसं म्हणायचे नाहीत. इथल्या कंडक्टरबाईच्या हातात चिमटा नव्हता, हातभर लांब पत्र्याची नळी होती. नळी उभी उघडते. आत एकीकडे तिकिटांच्या गुंडाळ्या, एकीकडे नाण्यांचे कप्पे. तिने नळी उघडून मिटली की कट्‌ वाजतं, तेच ‘तिकीट, तिकीट’. मी वीसची नोट दिली. तिने नळी उघडली, अंगठ्याने गुंडाळी सरकवली, झाकणाच्या कडेवर दोन तिकिटं टर्रकन फाडली, चार बाटांची नाणी बोटांनी वेचली, आणि नळी मिटली. हे सगळं चालत्या बसमध्ये, एका हाताने, दुसऱ्या हाताने दांडी धरून. माणशी आठ बाट. मी तिच्या हातांकडे इतकी टक लावून बघत होते की तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. वडिलांची पेटी अजून माळ्यावर आहे. मशीन आल्यावर तिचं काम संपलं. हे त्या बाईला कुठल्या भाषेत सांगायचं?

बस उलट्या दिशेची होती, हे ती "अनुसावरी! अनुसावरी!" ओरडायला लागली तेव्हा कळलं. सगळे उतरले, म्हणून आम्हीही उतरलो. मोठा चौक, मधे दगडी स्तंभ, भोवती बसच बस. भाचीने फोनवर नाव वाचून दाखवलं, अनुसावरी चाय समोराफूम. विजयस्मारक. ते नाव दोनदा उच्चारल्यावर मला आतली माणसं दिसायला लागली: अनुस्मरण, जय, समरभूमी. त्यानंतर आठवडाभर आम्हाला हाच नाद लागला. बँकेच्या पाटीवर ‘थनाखान’, म्हणजे धनागार. जेवणाला ‘आहान’, म्हणजे आहार. टेलिफोनला ‘थोरासाप’. यावर आम्ही दोन दिवस अडलो होतो, मग एका सकाळी दात घासताना भाची ओरडली, "दूरशब्द!" आम्ही उतरायचो त्या धक्क्याचं नाव फ्रा आथित, म्हणजे आदित्य. त्याच्या शेजारचा बुरूज सुमेन, म्हणजे सुमेरू. आमची अक्षरं नाहीत, आमचा उच्चार नाही, पण शब्द घरातून पळून जाऊन तिकडे संसार थाटलेल्या मुलीसारखे.

दुसरी बस पकडून राजवाड्याशी पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. आत सोडायचं साडेतीनला बंद होतं. सकाळी उघडाच होता, हे वेगळं सांगायला नको.

वहीत त्या दिवशी टुकटुकचा खर्च शून्य आहे. दिवस मात्र गेला.

खाण्याचं एवढं अवघड नाही जितकं लोक भिववतात. मी मासे खाते, सोमवार-गुरुवार सोडून. रस्त्याकडेला दहा-बारा पातेली मांडलेली असतात, त्यातलं बोट दाखवायचं. भातावर एक कालवण घेतलं तर चाळीस-पन्नास बाट. पाळायच्या दिवशी पिवळी पताका शोधायची, तिच्यावर लाल अक्षर असतं, ते ‘जे’. त्या ठिकाणी मांसमच्छी नाहीच, कांदा-लसूणही नाही. आपल्याकडच्या कडक चातुर्मासवाल्यांनाही चालेल असं. एवढ्या माशांच्या रसात बुडालेल्या शहरात हे कसं टिकलं याचं मला नवल वाटत राहिलं.

खरी परीक्षा संकष्टीची होती. २९ जानेवारी, सोमवार. भाची म्हणाली, "मावशी, देशाबाहेर उपास लागू नसतो." मी म्हटलं, कुणी सांगितलं? निघाले गल्लीतून, आणि दुसऱ्याच वळणावर गाड्यावर भाजलेली रताळी, पुढच्याकडे निखाऱ्यावर भाजलेली केळी, त्याच्या शेजारी उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा. कराडच्या बाजारात एका ठिकाणी इतकं उपासाचं मिळालं नसतं. दिवसभर दोघींचं मिळून ऐंशी बाटांत भागलं. (भाचीनेही धरला. ती म्हणते स्वस्त पडला म्हणून.) चंद्रोदयाची वेळ कालनिर्णयात मुंबईची, इथलं घड्याळ दीड तास पुढे. हिशेब करत बसण्यापेक्षा हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन बसलो. नऊच्या सुमारास पाण्याच्या टाक्यांमागून तो आला, धुरकट, तांबूस. बाजूला तीन-चार पोरं बिअर पीत बसली होती. मी हात जोडले तसे त्यांनीही जोडले. त्यांना तो इथलाच रिवाज वाटला असणार.

फिरायला आम्ही बहुतेक पाण्यातून फिरलो. नदीवर नारंगी झेंड्याची बोट, कुठेही उतरा, १६ बाट. पर्यटकांची वेगळी मोठी बोट असते, तिचं भाडं याहून जास्त. तीच नदी, तेच धक्के. नारंगीत शाळेची मुलं, भाजीच्या पिशव्या, आणि भिक्षूंसाठी राखीव जागा. मागे उभा असलेला माणूस शिट्टीने बोट लावतो. लांब शिट्टी, दोन आखूड, पुन्हा लांब. दोर अडकवतो न अडकवतो तोच माणसं उड्या टाकतात.

पण खरी मजा सेनसेब कालव्याची. ही बोट पर्यटकांसाठी नाहीच. अंतराप्रमाणे दहा-वीस बाट. काळं पाणी, त्याचा वास, दोन्ही काठांना घरांचे मागचे दरवाजे, वाळत घातलेले कपडे, कुंड्या. बोट लोकलसारखी भरते आणि लोकलइतकीच थांबते. बाजूला निळ्या प्लॅस्टिकचा पडदा असतो. समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेल्याने दोर ओढून तो वर घ्यायचा, हे कडेला बसणाऱ्याचं कर्तव्य. आम्हाला काय माहीत? भाची कडेला बसली, फोटो काढत. समोरून बोट आली. मागच्या चार बायका एकदम काहीतरी ओरडल्या, आणि ती काळी लाट भाचीच्या तोंडावर, आणि त्या चौघींच्याही. भाचीला वाटलं आता शिव्या खाव्या लागणार. एका बाईने पर्समधून कागदी रुमाल काढून तिला दिला आणि दुसऱ्या हाताने दोर तिच्या मुठीत कोंबला. पुढच्या बोटीला भाचीने पडदा असा ओढला की आतल्या कुणाला बाहेरचं काही दिसेना. कंडक्टर डोक्याला हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून, दोराला धरून, पैसे गोळा करत चालतो. पूल ठेंगणा आला की छप्परच खाली येतं, आणि सगळे सवयीने माना घालतात.

चौथ्या दिवशी आमचं भांडण झालं. राजवाड्याच्या तिकिटावरून. परदेशी माणसाला ५०० बाट. थाई लोकांना फुकट. मी म्हटलं, ५०० म्हणजे जवळजवळ दोन रात्रींची खाट. भाची म्हणाली, "बँकॉकला येऊन राजवाडा न बघता गेलीस तर लोक काय म्हणतील?" लोकांचं तिकीट मी काढलेलं नाही, मी म्हटलं. शेवटी ती स्वतःच्या पैशाने जाणार, वहीत नोंद नाही, असं ठरलं. मी तिला दुपारच्या जेवणाला पाकिटातले शंभर बाट दिले. दारातच तिला अडवलं, कारण गुडघे उघडे. मग हत्तींची चित्रं असलेली घोळदार पॅन्ट, शंभर बाट. तीही तिच्या खात्यावर. मी तिला हात केला आणि पाच बाटांच्या होडीने पलीकडे अरुणमंदिराच्या काठाला जाऊन बसले.

बसून काय केलं? काही नाही. त्या मंदिराच्या शिखराला चिनी मातीच्या बशा-वाट्यांचे तुकडे लावून फुलं केलेली आहेत. चीनहून येणाऱ्या गलबतांत बूड जड राहावं म्हणून भरलेला तो माल. फुटक्या कपबशांतून देऊळ उभं केलं, हे मला आवडलं. बाहेरूनही दिसतं. थोडा वेळ मी स्वतःवर खूश होते. मग पलीकडच्या काठावरची सोनेरी टोकं उन्हात दिसायला लागली. तिकडे बघायचं नाही असं ठरवलं की तिकडेच बघणं होतं. परत होडीने अलीकडे आले आणि उन्हातून चालत फ्रा आथितला गेले. राजवाड्याच्या दारावरून नको म्हणून मुद्दाम लांबच्या रस्त्याने.

अडीचला भाची आली ती तोंड उघडूनच. "मावशी, रामायण आहे गं आत! भिंतीवर! सगळं!" पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवतीच्या ओवऱ्यांत रामकथेची १७८ चित्रं आहेत. एकापुढे एक, सोन्याच्या रंगात, लंका, वानरसेना, सेतू. आमच्या घरी चातुर्मासात आजी ‘रामविजय’ वाचायची, मी मांडीला मांडी लावून ऐकायचे. भाचीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, ती मला फोनवर चित्रं दाखवून विचारत होती, हा कोण, ही कोण. आणि मग एक चित्र. पांढरा मारुती, समोर मत्स्यकन्या.

"हा मारुती हिच्यामागे लागलाय का?"

"काहीतरीच काय. मारुती ब्रह्मचारी."

"इथे नाहीये मावशी. ती रावणाची मुलगी. सेतूचे दगड पळवत होती, मग यांचं जुळलं. मुलगासुद्धा झाला."

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. जुळलेलंच दिसत होतं. दुपारभर आम्ही त्या एवढ्याशा पडद्यावर वाकून रामायण वाचलं, धक्क्यावर, पाय सोडून. तिथेच मला कळलं होतं की उद्या सकाळी उठून जायला हरकत नाही. पण एकदा नाही म्हटलेलं मागे घ्यायची माझी जात नाही.

त्याच काठावर सांतीचायप्राकान नावाची बाग आहे. शांती, जय, प्राकार, तुम्हीही आता ओळखलं असेल. संध्याकाळी सहाला भोंग्यावर राष्ट्रगीत लागतं आणि बागेतली सगळी माणसं, पळणारी, खाणारी, भांडणारी, जिथल्या तिथे उभी राहतात. गीत संपलं की क्षणात पुन्हा तेच. मग एक बाई चौथऱ्यावर चढून ढँण ढँण गाणं लावते आणि शेजारपाजारच्या बायका ओळीत उभ्या राहून हातपाय हलवतात. फी नाही, नावनोंदणी नाही. मी पंजाबी ड्रेसमध्ये शेवटच्या ओळीत तीन संध्याकाळी नाचले. आमच्या कॉलनीत हे मी मेले तरी केलं नसतं.

एक गोष्ट अजून टोचते. पाहुरात भागात सोनेरी घुमटाचा मोठा गुरुद्वारा आहे. सकाळी लंगर असतो, कुणालाही. हे भाचीने कुठेतरी ‘फुकट नाश्ता’ म्हणून वाचलं होतं. गेलो. डोकी झाकली, रांगेत बसलो, डाळ-रोटी, खीर. वाढणारे सरदारजी आपसात फर्ड्या थाईत बोलत होते. आमच्या शेजारी एक म्हातारा बसला होता, फाटक्या चपला बाहेर काढून आलेला. त्याने पोळी दोनदा मागून घेतली, तिसरी खिशात ठेवली. माझ्या कमरेला त्या वेळी शिवलेल्या खिशात त्याच्या महिन्याभराच्या जेवणाचे पैसे असतील. आम्ही गरीब नव्हतो. आम्ही आठवडाभर गरिबीचा खेळ मांडला होता, वही घालून. उठताना पेटीत शंभर बाट टाकले. वहीत ते ‘जेवण’ या खात्यात लिहायचे की ‘दान’, यावर मी बसमध्ये घुटमळले. शेवटी जेवण लिहिलं.

एक दिवस तिसऱ्या वर्गाच्या गाडीने अयुत्थयाला जाऊन आलो. १७६७मध्ये ब्रह्मी फौजांनी ते धुळीला मिळवलं, मुंडकी उडवलेले बुद्ध अजून रांगेने बसलेत. पंधरा-वीस बाटांचं तिकीट, उघड्या खिडक्या, मांडीवर कोंबडी घेतलेली बाई. अयुत्थया म्हणजे अयोध्याच. आपल्याकडच्या अयोध्येला मी अजून गेलेले नाही, इथेच आधी गेले.

शेवटच्या रात्री खाटेवर पडदा ओढून हिशेबाला बसले. ठरलेले ९,८००. वहीप्रमाणे खर्च ९,१६४. हातात हवेत ६३६. पाकिटात निघाले ६२०. सोळा बाट कमी.

त्या सहाशेवीसात माझं राजवाड्याचं तिकीट बसत होतं, हे मला दिसलं. ते मी बाजूला ठेवलं. आधी सोळा.

"बोटीचं तिकीट लिहायचं राहिलं असेल," भाची वरच्या खाटेवरून म्हणाली.

"बोटीत आपण दोघी. राहिलं तर बत्तीस राहील. सोळा कसे राहतील?"

"मग केळी."

"केळी लिहिलीत."

"मावशी, सोळा बाट म्हणजे अडतीस रुपये. मी देते तुला."

"तू दिलेस म्हणजे जुळलं का?"

ती झोपली. मी पुन्हा पानं उलटत बसले. पहिला दिवस बरोबर. दुसरा, तिसरा बरोबर. चौथ्या दिवसाच्या पानावर माझ्या अक्षरात होतं: भाचीस दिले १००, तिचं जेवण ५०, परत. ‘परत’पुढे आकडा नव्हता. ती राजवाड्याकडून फ्रा आथितला बोटीने आली होती, एकटी. परत दिलेली नाणी मी न मोजताच पाकिटात टाकली होती. मी तेव्हा मारुतीकडे बघत होते.